न्यूपोर्टला निखिलपाशी

३ मार्च
पोचलो. व्हिसा येईपर्यंत सगळे विधी उरकले होते. बसस्टँडवर हेतल आलेली. सून खूप वाळली आहे. "आव्या पप्पा?" एवढंच म्हणाली.
घरात दाराशी निखिलचे बूट. अस्थी कपाटात, पुठ्ठ्याच्या डब्यात. हात जोडले. रडू येईल वाटलं होतं. मग जेवलो. खिचडी-कढी.

४ मार्च
बडोद्याहून सुधाचा फोन. गुडघ्यांमुळे तिला येता आलं नाही. "चांदोदला नर्मदेत सोडायचंय माझ्या पोराला. घेऊनच या. बोललात का तिच्याशी?"
बोलतो म्हटलं. पाऊस. टीव्ही पाहिला, काय ते आठवत नाही.

६ मार्च
हेतलबरोबर अस्क नदीवर. ओहोटी. काठ म्हणजे नुसता चकचकीत चिखल. एकेकाळी इथून कोळशाची जहाजं भरून जायची. आता गोदामांच्या जागी फ्लॅट. लांबवर तो जुना पूल, गाड्यांना पाळण्यात घालून पलीकडे नेणारा. आम्ही आलो की निखिल त्यात बसवणार होता. बघत उभा राहिलो. वाऱ्याने कान दुखले.
"रोज इथे चालायचो आम्ही," हेतल म्हणाली. "पप्पा, एने अहीं ज रहेवा दो ने." मग मराठीत, "इथेच राहू द्या त्याला. मीही इथेच नोकरी करणार. त्याच्याशिवाय कोण आहे मला इथे?"
परत फिरलो.

७ मार्च
सुधाला सांगितलं. तिने फोनच ठेवला.
थोड्या इथे, थोड्या चांदोदला, असं दोघींना सुचवून पाहिलं. हेतल म्हणाली, "त्याचे वाटे नका करू पप्पा." सुधाही जवळजवळ तेच म्हणाली.
दुपारी झोपलो.

९ मार्च
सकाळी हेतलने डबा शालीत गुंडाळून माझ्या बॅगेशेजारी ठेवला. "घेऊन जा. मम्मींना हवाय तो."
सुधाला कळवलं. "तिला द्या फोन." दोघी गुजरातीत बोलत होत्या, स्वयंपाकघराचं दार लोटून. हेतल बाहेर आली, डोळे लाल.
"काय म्हणाली?"
"म्हणतात, तुझ्याकडेच राहू दे."
मी डबा उचलला. परत कपाटात ठेवायचा की... तसाच उभा.
"बसा पप्पा. चहा ठेवते."
बसलो. डबा मांडीवर. स्वयंपाकघरात आल्याचा वास सुटलाय. विमान उद्या दुपारचं.