घासातली अमरवेल

आबा, आज बारामतीत नव्या बियाणे निरीक्षकांना दिवसभर तणं शिकवून आले. रिटायर व्हायच्या आधी माझ्याकडे आता एवढंच काम उरलंय. पडद्यावर चित्र टाकायचं आणि सांगायचं की सरकारच्या लेखी सगळी तणं सारखी नसतात. ज्याचं बी पिकाच्या बियात मिसळलं की चाळणीने सहज वेगळं निघत नाही आणि ते बियाणं घेणाऱ्याच्या रानात जाऊन जे पिकाचा जीव खातं, ते तण त्या पिकापुरतं ‘आक्षेपार्ह’. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेल आक्षेपार्ह. तिचीच थोरली बहीण बांधावरच्या बोरीवर पिवळीजर्द पसरली तर तिला कोणी हटकत नाही. परदेशातून येऊ नयेत म्हणून बंदरावर अडवायच्या तणांची यादी आणखी वेगळी. जे अजून आलंच नाही त्याच्यावर पहारा, आणि गाजर गवत धान्याबरोबर येऊन उंबऱ्यापर्यंत पोचलं तर त्याच्यासाठी वर्षातून एक सप्ताह. बॅनर लावायचा, चार झाडं उपटताना फोटो काढायचा. मागे कालव्याचा भराव त्याच गवताने पांढरा झालेला असतो. शेतकऱ्याने आपल्या रानातलं तण काढावं हे कागदावर असतं, सरकारी जागेतलं कोणी काढावं हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मी हे असं बोलले तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण पुढचं चित्र घासाचं होतं.

लासुर्ण्याच्या आपल्या रानात तुम्ही घासाचा बीजोत्पादन प्लॉट घेतलात, त्या वर्षीचे तुम्ही मला अजून दिसता. जनावरांना घालायला घास सगळेच करायचे. पण कापण्या थांबवून तो फुलावर सोडायचा, बी धरायचं, तपासणी करून घ्यायची आणि प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल शिवलेली पिशवी आपल्या रानातून बाहेर काढायची, हे खूळ गावात तुमचंच. आई म्हणाली, एवढा आटापिटा कशापायी? चुलीपुढे बसून भाकरी मोडता मोडता तुम्ही तिला सांगितलंत, “आपल्या बापजाद्यांनी जलमभर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. आता आपल्या रानातलं बी लोकांच्या रानात जाऊ दे की.” मी तिथेच होते. तुमचा हात तुकड्यासहित तोंडापाशी थांबला होता आणि तुम्ही आईकडे न बघता दाराबाहेर बघत होता. त्या बियात तुमचं काय अडकलंय ते मला त्या दिवशीच कळलं होतं. म्हणजे पुढे जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

आता माझी बाजू ऐका. मला नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी मी एसटीतून उतरून बांधाबांधाने पळत आले होते. तुम्ही पाणी धरत होता. कागद हातात घेतलात, उलटासुलटा केलात आणि म्हणालात, “म्हंजी तूबी लोकांच्या रानातनंच हिंडणार म्हण की. आपल्या नशिबातलं ते काय सुटत न्हाय.” एवढंच. पुन्हा पाटाची दारं मोडायला वळलात. शाबासकी राहिली बाजूलाच, बस म्हणूनही म्हणाला नाहीत. पुढे किती वर्षं मी तुमच्या तोंडून त्या नोकरीबद्दल दुसरा शब्द ऐकला नाही. आणि मग तुमच्या प्लॉटच्या वेळी एकाएकी लासुर्ण्याच्या चहाच्या टपरीवर माझी आरती सुरू झाली. “तण काय करतंय? निरीक्षक घरातलीच हाय. प्लॉट पास झाला म्हणूनच समजा.” हे मला सणसरच्या एका शेतकऱ्याने सांगितलं. त्याचा प्लॉट मी आदल्या हंगामात नापास केला होता, त्यामुळे त्याने ते हसत हसत सांगितलं. माझे कान तापले. गरज सरो वैद्य मरो हे ठाऊक होतं. तुमच्याकडे गरज लागल्यावर वैद्य जन्माला आला.

तपासणीच्या यादीत तुमचं नाव माझ्याच वाट्याला आलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, साहेबांना कुठून कळणार? नात्यातल्याचा प्लॉट असेल तर सांगायचं आणि दुसऱ्याकडे द्यायचा, असा आमच्यात शिरस्ता. मी काही बोलले नाही.

मी येते तेव्हा घास निळ्याजांभळ्या फुलावर आहे, मधमाश्यांचा नुसता गलका. तुम्ही धुतलेलं धोतर नेसलाय. आई विचारते, कोंबडं कापू का? मी म्हणते, मी ड्यूटीवर आहे, पाणीसुद्धा नको. बांधावर शेजारचे तिघे-चौघे उभे आहेत, बहुतेक टपरीवरचेच. मी पिकात शिरते आणि मधल्या वाफ्यात थांबते. घासाच्या काड्यांना पिवळ्या दोऱ्याचे वेढे. पान नाही, जमिनीत मूळ नाही. दोन पावलांवर आणखी. मग लांबवर नजर टाकली तर गोल गोल ठिगळं दिसायला लागली आणि ती कशातून आली ते मला लगेच कळलं. बावड्याकडच्या तुमच्या चुलतभावाची मेंढरं पेरणीआधी आपल्या रानात बसली होती. लेंडीचं खत, चार रात्रींची बसणी, बदल्यात तुम्ही त्याला जोंधळा घातला होता. ती मेंढरं कुणाच्या तरी अमरवेल लागलेल्या घासात चरून आली होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं, बी लेंडीतून आलं. तुम्ही आधी हसलात. “मेंढराच्या पोटात गेल्यालं बी जित्तं राहतंय व्हय? एवढी हयात गेली मेंढरामागं, मला शिकीव आता.” मी म्हटलं, राहतं. कठीण कवचाचं असतं, पोटात जिरत नाही. तुमचं हसू उतरलं. हयातभराच्या खतावर मी एका वाक्यात बोट ठेवलं होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

मग तुम्ही खाली बसून एक वेढा हाताने सोडवलात आणि तळहातावर धरून म्हणालात, “एवढंच हाय न्हवं? मी आन् तुझी आय खाली बसून काडी न् काडी काढतो की. घासासकट उपटून जाळून टाकतो. मग बघायला ये.” मी पॅडवर मान खाली घालून लिहीत होते. मी म्हटलं, कायद्यात बसत नाही, आबा. तुम्ही “बरं” म्हणालात. विनवणी नाही, चिडणं नाही. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. मी त्या भांडणासाठी आठ दिवस वाक्यं जुळवून आले होते, ती तशीच घेऊन परत गेले.

त्याच आठवड्यात तुम्ही सगळा घास फुलासकट कापून जनावरांपुढे टाकलात. तिथे ऊस लावलात. पुढच्या वर्षी चुलतभाऊ मेंढरं घेऊन आला, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलंत आणि कारण सांगितलं नाहीत. तो दुखावला, पुन्हा फिरकला नाही. बापजाद्यांपासूनचा तो येण्याजाण्याचा धागा तिथे तुटला. तुम्ही मात्र मला कधी टोचून बोलला नाहीत. सणावाराला गेले की “काम कसं चाललंय” एवढं आवर्जून विचारायचात. त्याआधी कधी विचारलं नव्हतं. ते विचारणं मला शिवीपेक्षा जड जायचं.

तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला टपरीवाला माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “ताई, त्या प्लॉटावरनं आमी आबाला लई चिडवला. पोटच्या पोरीनं नापास केलं म्हणून. तर त्यो काय म्हणायचा, कायद्याला बाप नसतुया. तिच्या हातात असतं तर तिनं केलं नसतं व्हय?” तो माझं सांत्वन करायला आला होता. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बापासाठी रडतेय.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आज घासाचं चित्र दाखवताना मी त्या नव्या पोरापोरींना अहवालाचा फॉर्म समजावून सांगितला. अमरवेलीला फूल आलं नसेल, बी धरलं नसेल, तर प्लॉट लगेच नापास करायचा नसतो. शेतकऱ्याला मुदत द्यायची, तण काढून घ्यायला सांगायचं आणि पुन्हा तपासायला जायचं. फेरतपासणीचा रकाना त्याच्यासाठीच असतो. तो तेव्हाही होता. तुमच्या रानातल्या अमरवेलीला एकही फूल नव्हतं, मी भिंग लावून बघितलं होतं. त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. तुम्ही दोघांनी ती वेल दोन दिवसांत काढली असती, मी पुन्हा आले असते, आणि मला तो प्लॉट पास करावा लागला असता. मग टपरीवर तुमचंच म्हणणं खरं झालं असतं. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं, आबा.