कुंडलिकराव बाहेर कसे गेले

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ह्यांचा गुडघा — काल बरा होता, आज पुन्हा कुरकुरतोय. शेक दिला. मग खिडकीखालच्या चार मशीनची, म्हणजे चाचणीसाठी घरी मांडलेल्या खोट्या इस्पितळाच्या चार कॉम्प्युटरची, विचारपूस. डॉक्टरांचं मशीन ठणठणीत. नर्सबाईंचं जरा गरम, पंख्यातली धूळ काढली. ऑफिसचं, ज्याच्यावर छपाई होते, ते शांत. चौथं 'बाहेरचं', म्हणजे इस्पितळाच्या भिंतीपलीकडचं जग. त्याच्याकडे काही सापडू नये, एवढीच त्याची तब्येत. आणि आमचे कुंडलिकराव कसे आहेत?

कुंडलिकराव बाहेर!

वय एकाहत्तर, साखर दोनशे चाळीस, सगळा रिपोर्ट त्या बाहेरच्या मशीनवर उघडा पडलेला. बरं, कुंडलिकराव हा माणूस नाहीच. चाचणीसाठी मीच तयार केलेला खोटा पेशंट. पण तेरा तारखेला आमची ही व्यवस्था ठाण्याच्या एका इस्पितळात बसायची आहे, आणि तिथले पेशंट खरे असणार. कुणाची गाठ, कुणाचं पोट पाडलेलं, कुणाच्या डोक्याच्या गोळ्या. ते असं चव्हाट्यावर आलं तर?

दीड वर्ष ह्या एकाच गोष्टीवर घातलंय. प्रोग्राममधून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतः चिठ्ठी चिकटवायची — 'रुग्ण', 'यंत्र', 'दुरुस्ती'. (ऑफिसात सगळे लेबल म्हणतात. मी चिठ्ठीच म्हणते.) पाकीट पोचेल तिथल्या सिस्टीमने आधी चिठ्ठी वाचायची, मग नियमांची वही बघायची — ह्या प्रोग्रामला हे पाकीट घ्यायची परवानगी आहे का? नाही? फेकून दे! प्रोग्रामला विचारायचंच नाही. तो काय, म्हणेल मी फार गुणाचा. 'रुग्ण' चिठ्ठीचं पाकीट बाहेर जाणं शक्यच नाही. आणि गेलं!

आनंदला आणि मेघालीला लगेच कळवलं. आनंद म्हणजे आमचा मॅनेजर. मेघाली माझ्या हाताखाली. मग वही उघडली. शनिवारी कुणीतरी एक नवी ओळ घातलेली — छपाईच्या प्रोग्रामला 'रुग्ण' पाकिटं घेण्याची मुभा. शेजारी नाव, मेघाली.

मेघाली! हाताला धरून शिकवलेली पोरगी! तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसात गेले. घोडबंदर रोडला बस चाळीस मिनिटं एका जागी. तेवढ्यात राग निवायला हवा होता. उलट आंबला.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला विचारून घातलीस ही ओळ?

"काकू, डॉक्टरांच्या प्रिंट येत नव्हत्या. आनंदसर बोलले, आत्ताच्या आत्ता कर. मी फक्त प्रिंटचंच ओपन केलेलं."

"फक्त! कडी फक्त काढली, चोराला चहा नाही दिला, असं म्हण!"

हसले सगळे. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाली, "काकू, नंतर तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

"नंतर कशाला? काय ते इथे बोल."

नाही बोलली. चेंदणी कोळीवाड्यातली पोर ही! एरवी हिचं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. आनंद म्हणाला, "काकू, तुम्ही लेखी द्या, बाकी मी बघतो." दिलं लेखी. चार ओळी, खाली सही.

तिची ओळ तिथेच बसून काढली. दुपारी पुन्हा चाचणी घेतली — कुंडलिकराव आत! छपाई बंद पडली, पण रिपोर्ट बाहेर गेला नाही. झालं सिद्ध.

घरी आल्यावर मेघालीचे दोन फोन. नाही उचलले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कुंडलिकराव आतच. माझंच बरोबर होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आनंदचा फोन. मेघालीला सोमवारपासून तक्रारींचे फोन घ्यायला बसवणार. महिनाअखेर ती कायम व्हायची होती. आता "ते नंतर बघू." असं नव्हतं हो मला हवं! ओरडा बसावा, समज यावी, एवढंच. ह्यांना म्हटलं, मी काय केलं, फक्त ओळ दाखवली.

हे म्हणाले, "ओळ दाखवताना बोट कुणाकडे होतं?"

"तुम्ही गुडघा शेका."

आनंदचं पुढचं ऐकून तर उभी जळले. "काकू, डॉक्टरांना प्रिंट पाहिजे. तुमच्या चिठ्ठ्या कोण वाचतंय? असं करा ना, तेरा तारखेपुरतं नुसतं बघण्यावर ठेवा. चुकीचं पाकीट आलं तर नोंद करायची, अडवायचं नाही. सगळे असंच करतात."

म्हणजे रखवालदाराला सांगायचं, चोर मोज, पकडू नको! आणि संध्याकाळी आकडा दे!

मी म्हटलं, अडवायचं नसेल तर मला ठेवलंय कशाला? मी आपली पापड लाटते. तर म्हणे, "काकू, चिल." चिल! माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा घोडा मला चिल म्हणतो!

फोन ठेवला. छपाईपण मिळेल आणि अडवणूकपण राहील. मी करून दाखवते.

सोमवार, १० फेब्रुवारी

तीन दिवस घासून ओळ लिहिली. छपाईच्या प्रोग्रामने 'रुग्ण' पाकीट घ्यावं. फक्त डॉक्टरांच्या मशीनकडून, फक्त एका दाराने. आणि त्याने स्वतः बाहेर काहीही पाठवायचं नाही, एक पाकीटसुद्धा नाही. मेघालीच्या ओळीत एवढी बंधनं नव्हती. हिच्यातून मुंगी जायची नाही.

अकरा वाजता छपाई आली. कागद हातात घेऊन ह्यांना दाखवला. सव्वाअकराला बाहेरचं मशीन उघडलं.

कुंडलिकराव बाहेर. साखर दोनशे चाळीस.

माझ्या ओळीने!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळपासून एकेका पाकिटाच्या मागे फिरले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही, भाताची खिमट झाली. ह्यांनी निमूट खाल्ली.

सापडलं. डॉक्टरांच्या मशीनवरून पाकीट निघालं, चिठ्ठी होती. छपाईच्या प्रोग्रामने घेतलं, तेही नियमाने. कागद छापला. आणि मग त्याने त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्रामला एक प्रत दिली! हा दुसरा दुरुस्तीवाला. छपाईत काही अडलं तर प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला नमुना पाठवता यावा म्हणून दोघांचं आपसात ठरलेलं. ह्याला बाहेर बोलायची परवानगी आहे, ते त्याचं कामच. छपाईवाल्याच्या हातून निघताना प्रतीवर 'रुग्ण' चिठ्ठी लागायलाच हवी होती. लागली असती तर तिथेच पकडला असता. नाही लागली. कोरं पाकीट! दुरुस्तीवाल्याने त्यावर आपली 'दुरुस्ती' लावली आणि कुंडलिकरावांना उंबऱ्याबाहेर सोडलं.

का नाही लागली? वही पहिल्यापासून वाचली. वाचायला बसायचीही गरज नव्हती. पहिलीच ओळ — एकाच मशीनच्या पोटातल्या ये-जेला चिठ्ठी नको, तपासणी नको. ऑगस्ट २०२३. शेजारी नाव, नंदा.

मी.

कशी लिहिली तेही आठवलं. अठ्ठावीस वर्षं मोहने गावातल्या कारखान्यात टाइम ऑफिसला गेटपास लिहिले. फाटकाबाहेर सुतळीचा तोडा जायचा तरी तीन सह्या. पण ह्या खात्यातून त्या खात्यात माल न्यायला पास नसे. आतल्या आत कसला पास? कुणी मागितला असता तर लोक हसले असते. ते इतकं अंगात मुरलेलं, की पुढे पुस्तकं समोर ठेवून, एकेक शब्द शोधत ही विद्या एकटीने शिकले, तेव्हासुद्धा ते धुतलं गेलं नाही. नियम लिहायला बसले आणि पहिला नियम तोच लिहिला. विचार करून नाही. सवयीने.

मेघालीच्या ओळीने फक्त पाकीट त्या मशीनपर्यंत आणलं. ते आणणं रास्तच होतं, डॉक्टरांना कागद हवाच. पुढची वाट मी करून ठेवलेली. दीड वर्षापूर्वी!

आणि त्या पोरीला मी चोराला चहा म्हटलं. चारचौघांत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आनंदला फोन केला. चूक माझी, सगळं सांगितलं.

"अरे वा काकू, सापडलं ना! मस्त. करून टाका दुरुस्त."

"आणि मेघाली?"

"ती ऑलरेडी शिफ्ट झालीय. आता परत उलटं केलं तर मी वरती काय सांगू? तुम्हीच लेखी दिलेलं."

"मग आता दुसरं लेखी घे."

"काकू, उद्या इस्पितळ आहे. हे सगळं नंतर करू ना. कोणाला माहितीय?"

कोणाला माहितीय! मला माहितीय! माझ्या सहीने एका पोरीची नोकरी टांगणीला लागली आणि हा म्हणतो कोणाला माहितीय! इतकी ओरडले की शेजारच्या मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काय झालं विचारायला लागल्या. म्हटलं, काही नाही, ऑफिसचं काम चाललंय.

त्याला शेवटचं सांगितलं. व्यवस्था तयार आहे ह्या कागदावर माझी सही लागते. ती नाही मिळायची. आधी भोक बुजवीन, आणि माझं दुसरं पत्र तू वरती पाठवशील. मग सही.

"काकू, तुम्ही मला ब्लॅकमेल करताय."

"हो."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

इस्पितळाचं पुढं ढकललं. आनंद माझ्याशी बोलत नाही. नको बोलू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिली ओळ पुसली. एकाच मशीनच्या पोटातलं असलं तरी चिठ्ठी हवीच, आणि घेतलेल्या पाकिटाची चिठ्ठी पुढच्या प्रतीलाही लागायला हवी. पुसल्याबरोबर सगळं घर रुसलं! मशीनची घड्याळं चुकली. नर्सबाईंचं मशीन लॉगिन घेईना. छपाईवाला तर स्वतःशीसुद्धा बोलू शकेना. दीड वर्ष फुकट हिंडत होते सगळे, आता एकेकाला बसवून विचारायचं, तुझं कोणाशी काय काम? खरं सांग.

मेघाली असती तर निम्मं तिने केलं असतं. आणि वर टोमणे मारले असते, "काकू, तुमचा हात हळू चालतोय."

रविवार, १६ फेब्रुवारी

आज मी फोन केला. तिने नाही उचलला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

छपाई येते. कुंडलिकराव आत. दुरुस्तीवाल्याने सतरा वेळा प्रत मागितली, सतरा वेळा हात हलवत परत गेला. मुद्दाम नुसतं बघत बसले होते, बरं वाटलं.

माझं पत्र वरती गेलं. आनंदने तोंड वाकडं करून का होईना, पाठवलं. उत्तरही आलं — मेघालीला मूळ जागेवर घ्यावं, महिनाअखेर कायम करावं. "पण काकू," आनंद म्हणाला, "ती फोनवरच्या कामाला एक दिवस आली आणि नंतर आलीच नाही. तिनं हो म्हणायला पाहिजे."

तिचं काम तिला परत द्यायचं म्हणून तिच्या टिपणांची फाइल माझ्याकडे मागून घेतली आहे. उद्या नीट लावते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिच्या टिपणांत हे सापडलं. तारीख ३ फेब्रुवारी, दुपार. मीटिंगच्या आदल्या दिवशीची.

"पहिल्या ओळीतून लीक होतंय. ती काकूंची आहे. मीटिंगमध्ये काढायचं नाही, एकटीला सांगायचं. काकू घरच्या आहेत."

तिला हे लिहून पाठवलं. शब्द न बदलता इथे उतरवते —

मेघाली, घरची म्हणून मला सोडलंस? माझ्या तोंडावर, त्या सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस, काकू, ही ओळ तुमची. मी चिडले असते. चिडू द्यायचं होतंस! तुझा राग आलाय मला. माझा त्याहून जास्त. चूक माझी होती, तसं लेखी दिलंय. तुझी जागा आहे तशी आहे. ये. नसेल यायचं तर तसं लिही, दोन शिव्या घालून लिही, पण लवकर लिही.