मंगलाष्टकवाल्या गुरुजींचं लिव्हर

४ एप्रिल
माझ्या वर्गात टाटपट्टीवर बसलेली चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. काचा थरथरायच्या. तो आवाज आज दवाखान्यात आठवला.
रिपोर्ट: फॅटी लिव्हर. गोंदियाचा डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, लिव्हरवर चरबी म्हणजे हार्टलाही धोका. भात-गोड कमी करा, रोज चाला, हार्ट तपासून घ्या." लिव्हर उजवीकडे, हार्ट डावीकडे. संबंध काय? शिवाय मी मोहाच्या दारूचा थेंब कधी चाखला नाही.
तरी उद्यापासून बांधापर्यंत चालणार. २० मेला नात गुंजनचं लग्न. मंगलाष्टकं मीच म्हणणार. सदतीस वर्षं गावातली सगळी लग्नं माझ्याच आवाजावर लागली.

५ एप्रिल
ऊन फार.

१२ एप्रिल
उदारामच्या मुलीचं लग्न. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला पहिल्या पंगतीचा मान. जिलबी नाकारली तर वधूपित्याचा अपमान. अकरा खाल्ल्या. भात तीनदा. रुख्मा म्हणाली, "कविता म्हनायले जाता का खायले?" संसार झाला, पण बायकोला काव्य कळलं नाही.

२३ एप्रिल
हार्ट तपासायची तारीख. मुलानं, कैलाशनं, गाडी काढली. मी म्हटलं, गुंजनसाठी कडवं सुचून राहिलंय, थांब. तो म्हणाला, "कडवं थांबन बाबा. हार्ट बी थांबन."
गेलो नाही. कडवंही झालं नाही.

३ मे
आणखी एक लग्न. तिसऱ्या कडव्याला दम लागला. मी थांबलो, भाव दाटला असं वाटावं म्हणून डोळे मिटले. मागून कुणीतरी: "गुरुजीची बॅटरी उतरली!" अरसिक. घाम, डाव्या हातात कळ. माइक जड होता.

९ मे, दवाखाना
अटॅक. दोन स्टेंट. डॉक्टर म्हणाला, सांगितलं होतं. मी म्हटलं, लिव्हर तर दुखलंच नाही. तो नर्सकडे बघून हसला. मोठ्यानं म्हणणं तूर्त बंद. गुंजनच्या लग्नापुरती सूट मिळेलच.

२० मे, सकाळी ११
सगळे मांडवात. मला घरी ठेवलंय. मुहूर्त ११:४०. आजोबांशिवाय मंगलाष्टकं कोण म्हणणार? खुर्ची घेऊन येतीलच कुणी. धोतर नेसलो, वही हातात.

११:३०
दार वाजलं. डीजेवाला योगराज! हा न्यायला येईल असं वाटलं नव्हतं. मी वही छातीशी धरून उठलो.
तो म्हणाला, "बसा गुरुजी, काऊन उठता? एक्स्टेन्शन बोर्ड पायजे. मंगलाष्टकं पेनड्राइव्हमधी हायेत."