टेबलावरचं कुलूप

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वहिनीचा गुडघा कसा आहे? तू पाठवलेलं पांघरूण मिळालं. ऊब आहे, झोप नाही.

संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग पुन्हा सुरू केला. तू सुपरवायझर आहेस त्याच शिवणकारखान्यातल्या बायका येतात. आगीनंतर निम्म्याच उरल्यात. दार मी उघडं ठेवते. बंद केलं की कोणीतरी आतून थापा मारतंय असं वाटतं, आणि ते काही एकट्या मलाच वाटत नाही.

सध्या सकर्मक क्रियापदं चालू आहेत. माझी पद्धत तुला ठाऊक आहे: 'कापलं' म्हणायचं तर काय कापलं ते आधी टेबलावर ठेवायचं, मगच इंग्रजीत वाक्य बोलायचं. आगीत गेली ती चिमणी वर्गात होती तेव्हा टेबल भरून जायचं. "बाई, झोपायला कर्म लागत नाही, म्हणून तेवढंच मला जमतं!" म्हणायची. हसून हसून वर्ग लोळायचा. तिचा बाक आम्ही हलवलेला नाही.

काल फळ्यावर 'लॉक' आलं.

"काय 'लॉक' केलं?" मी सवयीने विचारलं. मग चिमणीची आई उठली. पिशवीतून एक काळवंडलेलं कुलूप काढून तिने टेबलावर ठेवलं. कारखान्याच्या मागच्या दाराच्या राखेतून उचललेलं. अजून लागलेलंच.

"वस्तू ठेवली, बाई. आता वाक्य तुम्ही बोला. कोणी लावलं ते मला ठाऊक नाही."

दादा, त्याच्या कडेला कानशीने पाडलेल्या दोन खाचा आहेत. अंधारात आपलं कुलूप हाताला कळावं म्हणून तू लहानपणापासून पाडतोस तशा. सायकलीच्या कुलपाला, आईच्या ट्रंकेच्या कुलपाला.

चौकाचौकात घसा फोडून बोलणारी मी. खाचांवरून बोट फिरवत राहिले नुसती.

चौकशीत तू सांगितलंस, मागचं दार उघडं होतं. 'बायका कापड पळवतात, लाव कुलूप' हा हुकूम मालकाचा असेल. मग तसं सांग ना! हुकूम देणारे मोकाट फिरतात ते तुझ्यासारख्यांच्या मुकेपणावर. तुरुंगाला काय भितोस? त्या थापांना भी. तुलाही ऐकू येतात त्या. वहिनी म्हणाली, हल्ली तूही दार सताड उघडं टाकून झोपतोस.

सोमवारी पुन्हा सुनावणी आहे. कुलूप चिमणीच्या आईने माझ्या स्वाधीन केलंय. ते घेऊन मी येणार, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

किल्ली तू आण.

अजूनही तुझीच,
धाकटी