एक फटका की दोन

मंगळवार, दि. १४

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आज ते मनापासून निघत नाहीयेत, पण हाताची सवय मोडवत नाही. आईची तब्येत ठीक आहे. तुझ्या कोठडीत पंखा आहे का, ते विचारायला सांगितलंय तिने. तुझे भावोजी दवाखान्यातून घरी आलेत, बरे आहेत, जेवतात, दिवसभर रेडिओ ऐकतात.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. तुझे वकील आज पुन्हा येऊन गेले. माणूस चांगला आहे, पण आपलं काम समजावताना माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, "भांडण कर्नलमधल्या कोडवरून झालं." तर म्हणतात, "अरे वा, लष्करातला माणूस साक्षीला आला तर बरंच होईल!" कपाळावर हात मारला मी.

मग सरळ सांगितलं. हा कर्नल म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम. मशीनच्या प्रत्येक भागाला चालवायला त्यात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. भाग जोरात पळवायचा तर आधी त्याचा वीजदाब वाढवायचा, मग वेग. पण पाच ड्रायव्हरांत पाच जणांनी तेच तेच उतरवून ठेवलेलं. एक चूक सापडली की पाच ठिकाणी निस्तरा. ते सगळं काढून एका जागी आणायचं, हे आमच्या टीमचं काम. टीमचे प्रमुख माझे मिस्टर, आणि आरोपी माझा भाऊ.

त्या पाचांतल्या तुझ्या कॉपीत एक ओळ जास्त होती. वीजदाब वाढवल्यावर जरा थांब, मगच वेग वाढव. यांनी ती कचरा समजून उडवली. तू बैठकीत घसा फोडून सांगत होतास की मशीनचा बोर्ड जळेल. "पाचही सारखेच आहेत रे, तुझ्याला काय सोनं लागलंय?" म्हणाले. आणि बोर्ड जळला. तुझ्या तोंडासमोर फुटला, तुकडा गालात घुसला, शर्ट रक्ताने भरला. हे बघायला आले आणि वर हसले. "झालं समाधान?" खरं सांगते, तेव्हा मलाच त्यांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

तुझं बरोबर होतं. कोर्टात सांगेन, यांच्या तोंडावर तर सांगून झालंय. नवा कोड कर्नलमध्ये गेला. किती थांबायचं ते आता प्रत्येक ड्रायव्हर आपलं आपण सांगतो, ज्याला नको त्याने शून्य लिहावं. खाली तुझं नाव घातलंय. हेच म्हणाले, "घाल त्याचं नाव, ओळ त्याची आहे."

वकील म्हणतात, "ताई, एकच फटका सांगा. रागाच्या भरात हात उठला, लागला, संपलं. दोन म्हणालात की जाणूनबुजून मारल्यासारखं होईल. त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात जातील." आई दारात उभी होती. म्हणाली, "एक काय नि दोन काय, लागायचं ते लागलंच ना? एकच म्हण गं बाई."

जसं काही माझ्या हातचा मळच आहे! सारखं दिसलं की एक ठेवायचं, दुसरं उडवायचं, पगारच त्याचा घेते ना मी.

तर मेल्या, ऐक. तू टेबलावरचा पॉवर सप्लायचा लोखंडी डबा उचललास आणि यांच्या जबड्यावर घातलास. दात फुटल्याचा आवाज आला. हे आडवे झाले. तो फटका मी समजू शकते, माफही करेन एखाद्या दिवशी.

मग यांनी हात वर केला. तोंडातून रक्त येत होतं. "बास रे, चुकलं माझं," म्हणाले. तू ऐकलंस. मध्ये खुर्ची होती, ती तू पायाने सरकवलीस. घाई नव्हती तुला. मी किंचाळले, "धाकट्या, नको!" तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. आणि मग त्या लोखंडी कोपऱ्याने डोळ्यावर हाणलंस. माझ्या हातांवर आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

डोळा गेला, धाकट्या. वर बरे आहेत लिहिलं ते खोटं. दुसऱ्या डोळ्याचीही डॉक्टर खात्री देत नाहीत. वाचता येत नाही म्हणून रेडिओ.

यांना वाटलं होतं तुझी कॉपी इतरांसारखीच आहे. मी तसं करणार नाही. पहिल्या फटक्याआधी तू थांबला नव्हतास. दुसऱ्याआधी थांबलास, पाहिलंस, आणि मारलंस. उद्या मी दोन सांगणार आहे.

हे पत्र वकिलांच्याच हाती देते, त्यांनीही वाचावं. आई बोलणार नाही माझ्याशी, तिचं मी बघेन. गालाचे टाके ओले करू नकोस. उद्या मला समोर बघशील तेव्हा मान खाली घालू नकोस, मलाही घालायची नाहीये.

तुझी ताई,
आणि त्यांची बायको