उजवा गुडघा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कन्येविरुद्ध फिर्याद दाखल करतो आहे, ती शांत चित्ताने वाचावी. भिंगरी आमच्याकडे राहायला आल्यापासून या घरातल्या बुटांच्या पाच खोक्यांचा वध झाला असून त्यांतल्या एकात तुझ्या वहिनीची लोकर होती. वहिनीचं म्हणणं, गुन्हेगार पोरगी नव्हे, मी आहे. कारण खोकी मांडतो मीच. हातातली गोल्फची काठी, म्हणजे क्लब, बाहेरच्या बाजूने आडवा येऊ नये म्हणून चेंडूच्या पलीकडे खोकं ठेवायचं. क्लब नीट आतून आला तर खोकं जगतं. अजून एकही जगलेलं नाही.

संस्कृतची पदवी खिशात घालून आयुष्यभर लोकांना गोल्फ शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने बरेच नग पाहिले. त्या मानाने भिंगरी रत्न आहे. मारण्याआधीच मान वर करून चेंडू कुठे गेला ते बघायची, ती सवय आठवड्यात गेली. क्लब असा आवळून धरायची, की जणू कोणी हिसकावून नेणार आहे, तेही सुटलं. पण चेंडू उजवीकडे वळतो तो वळतोच. कारण शोधतो आहे. निवड चाचणी मेच्या शेवटच्या रविवारी. वयाच्या अटीमुळे संघात जायची तिची ही शेवटचीच संधी, हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून जेवतानासुद्धा मनगटं फिरवत असते. तसा स्विंग चांगलाच आहे. काळजी नसावी.

गॅरेजात जपून काम कर. लोभ आहेच, उत्तर पाठवून त्यात भर घातलीस तर माझी हरकत नाही.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘उत्तम, उत्तम’ करतोस, म्हणून पत्राची वाट बघत होतो. तर पत्रातही तेच. ‘तसा स्विंग चांगलाच आहे’ असं वाचलं आणि काळजीला लागलो. गिऱ्हाईक जेव्हा तशी गाडी चांगली आहे म्हणतं, तेव्हा मी सरळ इंजिन उघडतो. तूही उघड.

चेंडू वळतो त्यात नवल काय, माझाही वळतो. मीच तिला सांगितलंय, की झाडापाशी पाठवायचा असेल तर झाडाच्या डावीकडच्या खांबाकडे तोंड करून उभं राहायचं. चेंडू गोल फिरून बरोबर झाडापाशी येतो. गॅरेजामागच्या मोकळ्या जागेत आम्ही बापलेक वर्षानुवर्षं असंच मारतोय आणि एकही काच फुटलेली नाही. यात चूक असेल तर आडपडदा न ठेवता लिही. तुझी ती गोड गोड भाषा तुझ्या डॉक्टर-वकील शिष्यांसाठी ठेव.

वहिनीला नमस्कार. लोकर मी पाठवतो. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

इंजिन उघडलं. आत काय दिसलं ते लिहिणं जिवावर आलं आहे, पण तू आडपडदा नको म्हणालास.

परवा मैदानावर पोचायला मला उशीर झाला. फाटकातून लांबवर पाहिलं, तर तू चेंडू मारत होतास. तोच उजवा पाय खांबासारखा ताठ, मारून झाल्यावर तसाच मागे जाणारा तोल, डाव्या बुटाचं टोक हवेत. मला वाटलं, न कळवता आलास. मग वेणी दिसली.

गाडीखाली तुझा गुडघा गेला तेव्हा भिंगरी दोन वर्षांची होती. गुडघा वाकणारा बाप तिने पाहिलेलाच नाही. त्या पायावरून तुला पुढे रेटा घेता येत नाही. वजन मागेच राहतं, मग खांदे नि हात घाई करतात, क्लब बाहेरून आडवा येतो आणि चेंडू वळतो. ताठ पायावर तू काढलेला तोडगा माझ्यासारख्या शिक्षकालाही सुचला नसता. पण हिचे दोन्ही गुडघे तेल घातल्यासारखे चालतात, धाकट्या! मूळ संहिता शुद्ध असताना पोरीने तुझं भाष्य पाठ केलं.

खांबाकडे तोंड करणं तुमच्या मागच्या अंगणात खपतं. चाचणीच्या मैदानावर शेवटच्या होलला उजव्या हाताला तळं आहे आणि वारा तळ्याकडेच वाहतो. तिथे वळणारा चेंडू पाण्यातच जायचा.

गुडघा वाकव म्हटलं की वाकवते, दोन चेंडू झकास जातात, आणि पाय पुन्हा ताठ. काल जरा आवाज चढवला. तर म्हणाली, बाबांचा स्विंग चुकीचा आहे असं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं असेल तर तिला चाचणीच द्यायची नाही. क्लब पिशवीत कोंबले आणि खोलीत जाऊन बसली. जेवली नाही. तुझ्या वहिनीनेही माझ्याशी बोलणं सोडलं आहे, त्यामुळे सल्ला विचारायला तूच उरलास.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, पण लवकर कळव.

तुझा,
दादा

३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, दादाचं आपलं काहीतरीच. त्यावर ही म्हणाली, काहीतरीच काय, पोरगी जिनासुद्धा तशीच चढते. डावा पाय आधी, मग उजवा त्याच पायरीवर. तुमचंच बोट धरून शिकली ना. मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. मी पुढे असायचो.

दिवसभर एका गाडीखाली पडून विचार केला. दादा, ते सगळं काढ. दयामाया नको. चाक वाकडं असलेली गाडी स्टीअरिंग ओढून धरून सरळ नेता येते, पण मी ती गिऱ्हाइकाला तशी परत देत नाही. पोरीला कशी देऊ?

तिला फोन केला. सांगितलं, की माझा गुडघा धड असता तर मीही दादासारखाच मारला असता, आणि ह्यापुढे तिने ताठ पायाने एकही चेंडू मारल्याचं माझ्या कानावर येता कामा नये. त्यावर म्हणाली, रात्री गुडघा शेकत जा. म्हणजे ऐकलं असं मी समजतो.

चाचणीला येतोय. पहिल्या रांगेत उभा असेन. तोवर तिला नि मला सांभाळून घे.

तुझा,
धाकटा

२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

निकाल तुला तिने फोनवर सांगितलाच आहे. निवडलेल्यांत तिचं नाव शेवटचं; पण शेवटच्या नावालाही गणवेश तोच मिळतो. तिने जे सांगितलं नसेल ते लिहितो.

तुझ्या फोननंतर दुसऱ्या सकाळी ती आपणहून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, सांगा काय करायचं. मी तिला दोन्ही पाय जुळवून उभं केलं. क्लब मागे जात असतानाच डावं पाऊल पुढे टाकायचं आणि मग मारायचं. पाऊल पडलं की वजनाला मागे रेंगाळायची सोयच उरत नाही. सुरुवातीला तिचा तोल असा जायचा, की शेजारचे शिकाऊ सभ्यपणे लांब सरकत. एक चेंडू माझ्या पोटरीवर आला. त्याबद्दल ती मनापासून हसली. चिडली, रडली, हाताला फोड आले तर पट्टी बांधून उभी राहिली. घरी जिनाही एका पायरीवर एकच पाऊल टाकत चढायची, दात-ओठ खात, आणि चुकली तर खाली येऊन पुन्हा. मी पुरे म्हणायचो, ती म्हणायची बाबांनी सांगितलंय.

चाचणीत ती शेवटच्या होलला आली तेव्हा वारा तळ्याकडे सुटला होता. चेंडूपाशी उभी राहिली आणि सवयीने डावीकडे वळली. मी देवभोळा नाही, पण डोळे मिटले. उघडले तेव्हा तिने पाय उचलून नव्याने मांडले होते, थेट होलमधल्या झेंड्याच्या रेषेत. गुडघा वाकला, वजन पुढे गेलं, उजवी टाच अलगद वर आली. चेंडू सरळ गेला. तो कुठे पडला ते तिने पाहिलंच नाही. ती पहिल्या रांगेकडे बघत होती.

तू नव्हतास. तुझी बायको म्हणाली, ऐन वेळी तातडीची गाडी आली. रविवारी तुझं गॅरेज बंद असतं, हे मला ठाऊक आहे. भिंगरीलाही ठाऊक आहे. तिने काही विचारलं नाही, आणि न विचारणं तिच्या स्वभावात नाही.

येत्या शनिवारी ती तिकडे येते आहे. गॅरेजामागे उभी राहून तुला मारून दाखवणार आहे. त्या वेळी कुठलीही गाडी येऊ देऊ नकोस.

इतके दिवस मी थट्टा करत राहिलो, कारण मला तेच सोपं जातं. चेंडूची चिंता मला कधीच फारशी नव्हती. तू सगळं काढ म्हणालास आणि मी काढलं. तिच्या उभं राहण्यात आता तुझं काहीही उरलेलं नाही. ते डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून तू आला नाहीस, आणि हे तू मला कधीच बोलून दाखवणार नाहीस, याची मला भीती वाटते.

तुझा,
दादा