एका चादरीला एक वाक्य

१२ फेब्रुवारी

थोरलीला कामावरून काढलं! कारण काय, तर म्हणे चादर जाळली. इतकी वर्षं चादरीची दोन टोकं तिच्या हातात आणि दोन माझ्या. तिने जाळली असती तर धूर आधी माझ्या नाकात गेला असता. जाळली ती मशीनच्या तापलेल्या रोलरने, हे लाँड्रीतल्या बादल्यांनाही माहीत आहे. खरं कारण वेगळंच. परवा जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "बायांनो, युनियन करू या." आणि म्हणाली ती ओरडून! हळू बोलायला तिला येतच नाही. मशीनच्या घरघरीत जन्म गेला.

आमच्या साहेबाचं नाव मी 'इस्त्री' ठेवलंय. कडक, गरम, आणि पुढेमागे करण्यापलीकडे काही नाही. आज म्हणाला, "कंपनी म्हणजे एक कुटुंब." बरोबर आहे. कुटुंबातसुद्धा राबणाऱ्या वेगळ्या आणि ढेकर देणारे वेगळे.

१३ फेब्रुवारी

थोरलीला घेऊन युनियनच्या वकीलबाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं असं की कात्री चालतेय. मतदान होईल, अर्ध्याहून जास्त बायकांनी 'हो' म्हटलं तर कंपनीला युनियनशी बोलावंच लागेल. आणि थोरलीला परत आणायचं तर रोलरने चादर जळताना पाहिलेली साक्षीदार हवी. म्हणजे अजून नोकरीवर असलेली बाई. स्वतःच्या पायावर कोण धोंडा पाडून घेणार?

"कायदा तुमच्या बाजूने आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"असेल. पण बसतो कुठे? आमच्या शेजारी तर कधी दिसला नाही."

हसल्या. मग म्हणाल्या, कामाच्या वेळेत सभा घेऊ नका, त्यावरून काढतील. पण काम करताकरता हवापाण्याच्या गप्पा चालत असतील, तर युनियनच्या गप्पा तेवढ्या बंद, असं त्यांना करता येत नाही.

परतताना थोरली गप्प. ती गप्प म्हणजे आभाळ भरून आलं. घराशी पोचल्यावर म्हणाली, "उद्या कपाटाची किल्ली द्यायला जायचंय. इस्त्रीला दोन शब्द सुनावून येते."

"दोनच सुनाव. तिसऱ्याला तुझी जीभ घसरते."

१५ फेब्रुवारी

आता हे नवीन! इस्त्रीने पाटी लावली – घडी घालणाऱ्यांच्या जोड्या रोज बदलणार. "एकाच जोडीत राहिलात की मैत्री होते, मैत्री झाली की डोकी फिरतात." ही अक्कल त्याची नव्हे. त्याला पावसात छत्री उघडायलाही कुणीतरी सांगावं लागतं. आमच्यातलीच कुणीतरी फितूर आहे. जिने ही युक्ती दिली तिच्या घशात साबणाचा फेस जावो!

माझ्या वाट्याला घुमी आली. रोलरवरून घडीला आणलेली. दिवसभरात शब्द नाही. दोघी मिळून कुणाला तरी कफन गुंडाळत असल्यासारखं वाटलं.

१६ फेब्रुवारी

आज जोडीला उंच बाई. चादरीऐवजी मीच लोंबकळत होते.

२१ फेब्रुवारी

गाढव आहे मी! इतके दिवस कपाळाला हात लावून बसले, आणि समोर ताट वाढलेलं.

चादरीची घडी म्हणजे काय? दोघी लांब उभ्या राहतात, चादर ताणतात, काठाला काठ लावतात. मग एकमेकींकडे चालत येतात. टोकं हातात देताना नाकाला नाक. मशीनच्या आवाजात तिसऱ्या कानाला काही कळत नाही. एका चादरीला एक वाक्य. दिवसाला चादरी किती, देव जाणे. आणि रोज समोर नवी बाई – साहेबाने स्वतः आणून उभी केलेली!

पूर्वी मी फक्त थोरलीशी बोलायचे. ती तर आधीच बिघडलेली.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुला एका बाईशी बोलू दिलं तरी धोका. यांनी सगळ्याच दिल्या?"

१ मार्च

पसरलं. आता मी सुरुवातही करत नाही. आज कोपऱ्यातल्या बाईने जवळ येऊन मलाच विचारलं, "तुमचं ठरलं का हो?" मला! जसं काही लग्नच जमवतेय.

४ मार्च

इस्त्रीने ऑफिसात बोलावलं. चहा! कपबशीतून!! "बाई, तुम्हाला सुपरवायझर करतोय. खुर्ची मिळेल, चाकं असलेली."

खोटं कशाला लिहू, पाय दुखतात. रस्ताभर ती खुर्ची डोळ्यांपुढे फिरत होती. वकीलबाईंना फोन केला. "सुपरवायझर झालात की तुमचं मत गेलं, आणि युनियनबद्दल बोलण्याचा हक्कही."

नवरा म्हणाला, "चाकं असलेली खुर्ची बाहेर ढकलायला सोपी."

उद्या 'नाही' म्हणून सांगणार. चहा चांगला होता, तेवढं सांगेन.

९ मार्च

पुन्हा घुमी. पहिली चादर – गप्प. दुसरी – गप्प. तिसरीला जवळ आली. "ताई, त्या दिवशी रोलरवर मीच होते."

माझ्या हातून टोक सुटलं.

चौथी चादर. "रोलरनेच जाळली. मी पाहिलं."

पाचवी. "सांगेन. कुठे यायचं ते सांगा."

 एवढं बोलली, पण घडी कोपऱ्याला कोपरा.

१७ मार्च

जिंकलो!!

दणदणीत! इस्त्री मतपेटीकडे असा बघत होता, जणू पेटीनेच दगा दिला. उंच बाईने मला उचललं. पुन्हा लोंबकळले, पण आज चालेल.

२४ मार्च

कामगार अधिकाऱ्यापुढे घुमी बोलली. थांबेचना! रोलर किती दिवस बिघडलेला, कुणाकुणाला सांगितलं, कोण काय म्हणालं – सगळं. अधिकारी म्हणाला, "बाई, जरा दमाने." थोरली सोमवारपासून कामावर.

२७ मार्च

थोरली आली. आज समोर तीच, मुद्दाम मागून घेतली. पहिल्या चादरीला मी म्हटलं, "सगळं झालं, पण ती फितूर काही सापडली नाही."

दुसऱ्या चादरीला ती जवळ आली. "अगं, किल्ली देताना मीच म्हटलं त्याला – जोड्या रोज बदल, नाहीतर सगळ्या माझ्यासारख्या होतील."

हळू बोलायला तिला येतच नाही. काचेच्या दारात उभ्या इस्त्रीनेही ऐकलं.